हिरवा ठिपका

रात्री सव्वाबाराला अवूरच्या नावापुढे
हिरवा ठिपका पेटला.

पाच आठवडे झाले होते
तिला सियायाच्या लाल मातीत ठेवून.
आमच्याकडे अवूर म्हणतात
मध्यरात्री जन्मलेल्या मुलीला.
म्हणून असेल, मी आधी घड्याळ पाहिलं,
आणि क्षणभर, लाज वाटते सांगायला,
मला आनंद झाला.

किसुमूत, बर्फाच्या गोदामावर, दोन खोल्या.
आम्ही चौघं. मग तिघं.
डुंगाच्या किनाऱ्यावर मासळीवाल्यांना थंड पेट्या देतो,
पेटीतला गारवा त्यांना फोनवर दिसतो,
विक्रीचे पैसे आमच्याकडे जमतात,
दर शुक्रवारी जिचे तिला.
"एवढीशी कंपनी," मीच म्हणायचो,
"आपल्याकडे कोण कशाला येईल?
बर्फाला उंदीरसुद्धा लागत नाही."
सगळे हसायचे. अवूर सोडून.

माणूस गेल्यावर काय काय करायचं ते आम्हाला ठाऊक होतं.
गावी निरोप, पेटीचे पैसे, तंबू, खुर्च्या, चहा,
रात्री आईजवळ कुणीतरी बसायचं.
खातं बंद करायचं कुणाच्याच यादीत नव्हतं.
खोटं कशाला बोलू, माझ्या होतं.
दोनदा त्या पानापर्यंत गेलो.
'या सदस्याला काढून टाकायचं?' पडद्याने विचारलं.
काढून. टाकायचं.
लॅपटॉप मिटला आणि खाली जाऊन
उगीचच बर्फाच्या लाद्या मोजत बसलो.

जेकोनियाने पहाटे सगळ्या नोंदी उपसल्या.
कुठल्याशा चपलांच्या दुकानाची यादी कधीतरी फुटली होती,
त्यात तिचा पासवर्ड तीन वर्षं पडून होता.
तोच पासवर्ड इथेही.
आम्हाला सतत टोकणारी ती, तिचासुद्धा.
आणि ड्राफ्टमध्ये, न पाठवलेलं:
'सगळ्यांना दुहेरी तपासणी लावायची आहे.
आधी मला. सोमवारी नक्की.'
अपघात रविवारचा.

त्याखाली हे:
१२:१९ अवूर: रोझलिडा, एक मंजूर करशील? घाई आहे.
१२:१९ रोझलिडा: तू कुठे आहेस?
१२:२० अवूर: मीटिंगमध्ये. लवकर.
१२:२४ मंजूर.

एकेचाळीस जणींचा शुक्रवार
कुठल्याशा नंबरावर गेला, तिथून पुढे गेला, विरघळला.
जेकोनिया काहीतरी बोलणार होता, मी हात धरला.
त्या चार मिनिटांत रोझलिडा कुणाशी बोलत होती,
हे मला पडद्याशिवाय कळत होतं.
आणि मी? सव्वाबारा ते बारा चोवीस
ठिपक्याकडे बघत होतो.
एक फोन केला असता तर.
मी तो विझू नये म्हणून
श्वाससुद्धा हळू घेत होतो.

किनाऱ्यावर मामा पेरेसने ऐकून घेतलं,
हातातला मासा तसाच, अर्धा खवल्यांचा.
"पोरीचं नाव वापरलं?" एवढंच म्हणाली,
आणि पाण्याकडे तोंड करून थुंकली.
पैशांचं नंतर विचारलं. आणि सोडलं नाही.
दर आठवड्याला किती फेडणार,
वहीवर लिहून सही घेतली, वर माझा अंगठाही.
"दोन्ही हवं," म्हणाली. "सही कुणीही करतं."

बैल गेला आणि झोपा केला, म्हणा हवं तर.
झोपा करावाच लागतो.
गोठ्यात आणखी गुरं असतात.

खातं रोझलिडाने बंद केलं. मी करतो म्हटलं तर
"नको," म्हणाली, "शेवटचं मीच बोलले तिच्याशी."
खात्री आहे का, यंत्राने विचारलं.
तिने 'हो' दाबलं, मग बराच वेळ
बोट पदराला पुसावं तसं ओढणीला पुसत राहिली.

आता पैसे पाठवताना दोघांनी एकमेकांना
आवाज ऐकवायचा, असा नियम आहे.
नवी मुलगी आली आहे, फ्लोरिडा नावाची,
तिला हे फार जुनाट वाटतं.
वाटू दे.

अवूरचा नंबर माझ्या फोनमध्ये अजून आहे.
त्याने कुणाचं काही उघडत नाही.